रेसची केबल चुकीची बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी पारोळा तालुक्यातला दूध उत्पादक. तुमच्या कंपनीची कार्बोरेटरवाली मोटारसायकल २०१८ मध्ये घेतली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज पहाटे अमळनेरला रतीब घालतो. घर या गाडीवर चालतं.

गेल्या महिन्यात मूठ जड फिरायला लागली म्हणून तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रेसची केबल बदलून घेतली. दुसऱ्याच दिवशी गाडी जागेवर उभी असतानाही रेस चढलेली. परत नेली, तर तिथल्या मुलाने केबलला हातही न लावता आयडलिंगचा स्क्रू (मूठ सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालावं ते ठरवणारा) सैल केला. आता हँडल सरळ असलं की गाडी बंद पडायची आणि डावीकडे वळवलं की आपोआप रेस घ्यायची. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा "नवीन केबल आहे काका, चार दिवसांत बसेल," असं सांगून वाटेला लावलं.

ती बसली नाही. चौथ्या दिवशी अमळनेरच्या एका बोळात मी हळू वळत होतो. मूठ सोडलेली होती, तरी हँडल पूर्ण वळताच गाडीने उसळी घेतली आणि भिंतीवर गेली. एक कॅन सांडलं, माझा गुडघा सोलवटला. शाळेत जाणारी दोन पोरं नुकतीच तिथून पुढे गेली होती. ते आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

गाडी ढकलत रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने टाकी उतरवली, मुठीजवळचं रबर मागे सरकवलं आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. "भाऊ, केबलले ढीलच नही शे." तुमच्याच पुस्तिकेत मुठीला २ ते ६ मिलिमीटर मोकळी चाल (केबल ओढली जाण्याआधी मूठ रिकामी फिरते तेवढी ढील) लिहिली आहे, इथे एकही नव्हती. वर केबल हँडलच्या मानेजवळ चुकीच्या बाजूने ओढून टायने आवळलेली, तिथे तिला मुरड पडलेली. हँडल वळलं की केबल ताणली जायची आणि कार्बोरेटरमधला स्लाइड, म्हणजे रेस वाढवणारा सरकता भाग, वर उचलला जायचा. अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू कितीही फिरवा, काय उपयोग? त्याने केबल नीट मार्गाने घेतली, लॉकनट सैल करून ढील दिली, पुन्हा घट्ट केला. मग इंजिन गरम होऊ दिलं आणि स्क्रू शेवटी लावला. चालू गाडीचं हँडल डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवून दाखवलं. आवाज जराही बदलला नाही. मूठ सोडली की टपकन मागे.

एवढी तपासणी दोन मिनिटांची आहे. सेंटरमध्ये तीन वेळा गाडी नेली, एकदाही कुणी ती केली नाही, याचा मला खरा राग आहे.

केबल व मजुरीचं बिल परत द्यावं, मिस्त्रीचा खर्च आणि सांडलेल्या दुधाची भरपाई द्यावी. आणि त्याहून महत्त्वाचं, त्या सेंटरमध्ये या काळात ज्यांच्या केबल बदलल्या त्यांना फोन करून गाड्या पुन्हा तपासाव्यात. त्यातली एखादी गाडी कुणाची लेक कॉलेजला नेत असेल.

जॉबकार्ड, बिलं आणि मुरडलेल्या केबलचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला ग्राहक,
एक दूध उत्पादक
ता. पारोळा, जि. जळगाव