मॉनिटर फिरवल्याबद्दल

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही लायब्ररीत खेळायला बोलावलंत, त्याबद्दल आम्ही सगळे वर्गशिक्षक तुमचे जाहीर आभार मानतो. आजवर नव्या मुलांना लायब्ररीची ओळख करून द्यायचं काम सभागृहातच उरकलं जायचं. पडद्यावर नियम: दंड किती, पिशवी कुठे ठेवायची, मोबाइल बंद. मुलं माना डोलवायची आणि थेट परीक्षेच्या तोंडावर जुन्या प्रश्नपत्रिका मागायला उगवायची. मग "हल्लीची मुलं वाचत नाहीत" म्हणायला सगळे मोकळे! असो.

तुमच्या खेळाची खरी करामत पहिल्या दहा मिनिटांतच होती. पाचजणांचा गट, हातात दहा कार्डं, कार्डावर फक्त वर्गांक, म्हणजे ड्युई पद्धतीत पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा. ती क्रमाने लावायची. जवळजवळ प्रत्येक गट 891.5 आधी ठेवतो आणि 891.46 नंतर, कारण पाचापेक्षा शेहेचाळीस मोठे. दशांशचिन्हापुढे एकेक अंक वाचायचा, म्हणजे चार आधी आणि पाच नंतर. हे टेबलावर चुकून कळलं की कपाटापाशी गाडी अडत नाही. मराठी साहित्य 891.46 ला आणि त्याला लागूनच 891.469 ला कोकणी, हेही ओघात समजतं. (बाहेर गोव्यात या दोघींवरून केवढं रण माजतं, ड्युईच्या फळीवर मात्र बिचाऱ्या गुण्यागोविंदाने नांदतात.)

नंतर कपाटांतून पुस्तकं शोधायच्या खेळातही जाणता हात दिसतो. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या कपाटापासून, नाहीतर सगळी झुंबड एकाच बोळात. पुस्तकात चिठ्ठी लपवायची नाही, ती पहिल्याच गटाच्या खिशात जाते. त्यापेक्षा प्रकाशनवर्ष किंवा अनुक्रमणिकेतलं तिसरं प्रकरण विचारायचं. सापडलेलं पुस्तक मुलांनी परत फळीवर ठेवायचं नाही, टेबलावरच सोडायचं, कारण चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. आणि आधी पोचेल तो जिंकेल असं मुळीच नाही, बरोबर उत्तरांनाच गुण. पावसाळ्यात छत्र्यांच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर धावाधाव झाली की कोणीतरी आपटणारच. संगणकावर रोमन लिपीत "इतिहास" शोधताना शेवटी एक ए की दोन, यात मुलं हमखास फसतात. तिथे लेखकाच्या आडनावाने शोधा हा तुमचा सल्ला लाखमोलाचा.

पण हे पत्र लिहावंसं वाटलं ते काउंटरवरच्या एका गोष्टीमुळे. ओळखपत्रं हातात पडायला वेळ लागतो आणि तोवर "कार्ड आण, मग बघू" हे उत्तर ठरलेलं. तुम्ही फीची पावती पाहून, खेळात सापडलेलं पुस्तक त्याच दिवशी मुलांच्या नावावर दिलंत. देताना संगणकाचा मॉनिटर त्यांच्याकडे फिरवलात. स्वतःचं नाव, खाली पुस्तकाचं नाव, त्याखाली परत करायची तारीख. सत्तरी, पेडणे अशा लांबच्या तालुक्यांतून दोन-दोन बसगाड्या बदलून येणारी, काउंटरपाशी घसा कोरडा पडणारी मुलं पडद्याकडे बघत राहिली. एकीने तर बोट लावून नाव वाचलं आणि आडनावातलं चुकलेलं अक्षर तुम्हाला दाखवलं. तुम्ही ते तिच्यासमोरच दुरुस्त केलंत.

"वाचकाचा वेळ वाचवा" हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा 1931 सालचा नियम ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो. वाचकाचा संकोच वाचवायला मात्र कोणी सांगत नाही, ते ज्याच्या त्याच्या स्वभावातच असावं लागतं. असे लोक ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात खिडकीपलीकडे एखाददुसरेच भेटतात, आणि त्यांच्या जोरावर बाकीच्यांचं निभावून जातं.

पुढल्या वर्षी खेळाची कार्डं लॅमिनेट करायचं काम आमच्याकडे द्या. दमट हवेत कागदी कार्डांच्या कडा वळतात आणि एकाला एक चिकटतात. शेवटची बस चुकू नये म्हणून खेळ दुपारच्या सुट्टीआधी संपेल असं वेळापत्रकही आम्हीच बसवून देऊ.

आपले नम्र,
पहिल्या वर्षाचे वर्गशिक्षक