पोरं सुट्टीवर आलेली नाहीत

कोपरखैरणे,
रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "यंदा जत्रेच्या आधीच पोरं गावाला आली, वाडी कशी भरल्यासारखी वाटते." मी नुसतं हो म्हटलं. ती सुट्टीवर आलेली नाहीत गं. इथलं खोलीभाडं परवडेना म्हणून आलीत. त्यांना विचारू मात्र नकोस.

बाबा, तुम्हाला बाजार काय सांगायचा. दाणाबंदरात, धान्याच्या बाजारात, आमच्या हमालांच्या टोळीला दिवसाला आठ-नऊ गाड्या असायच्या, आता तीन, फार तर चार. मजुरी गोणीवर, आणि वाटे सारखे. माणसं तेवढीच, गोण्या निम्म्या. माथाडी बोर्डातून पगार निघाला तेव्हा चिठ्ठी दोनदा वाचली. 2016 ला भाजी-फळं नियमनमुक्त झाली, बाजार समितीबाहेर विकायला मोकळी झाली, तेव्हा भाजी मार्केटची माणसं म्हणायची, आज आमची पाळी, उद्या तुमची. आपण हसण्यावारी नेलं. आता मोठ्या दुकानांचा माल गिरणीतून थेट भिवंडीच्या गोदामात उतरतो. हमाल तिथंही आहेत, पण ठेकेदाराचे. ना टोळी, ना बोर्ड. 1969 चा माथाडी कायदा आहे जागेवर, पण कायदा काही गाडी आणून लावत नाही. (गोणी आता पन्नास किलोची, तुमच्यासारखं शंभराचं पोतं नाही. पाठीची तक्रार नाही.)

आई, तुझ्या वेळी खानावळीचे बावीस डबे होते. हिच्याकडे नऊ उरलेत. त्यातले तिघं फक्त भाकरी सांगतात, भाजी नको म्हणतात. ही वाटीभर आमटी तरीही ठेवते आणि वहीत मांडत नाही. तुझंच वळण.

आमची भिशी मोडली, दोघांचे हप्ते थकले. खालच्या सोनाराकडे गर्दी दिसते, ती गहाण ठेवायला येणाऱ्यांची. वरच्या खोलीचा भाडेकरू पाचशे कमी करा म्हणाला, केले. समोरच्या गल्लीत 'खोली भाड्याने देणे आहे' लिहिलेल्या पाट्यांची अक्षरं पावसानं पुसत आलीत. नाक्यावरचा चहावाला तेवढा जोरात आहे. काम नसलं की माणसाला चहा जास्त लागतो.

बाबा, हे वाचून तुम्ही पिशवी भराल आणि 'मुकादमाशी मी बोलतो' म्हणून एसटीत बसाल. बसू नका. मुकादम स्वतःच दुपारी गाळ्याच्या पायरीवर पत्ते कुटत असतो.

या महिन्याचे पैसे निम्मेच पाठवलेत. बाबांच्या गोळ्या त्यातून आधी आणा, किराणा दुकानदार थांबेल, मी त्याच्याशी बोललोय.

आणि एक. कोणी इकडं येणार असेल तर इंद्रायणी या खेपेला दोन पायली जास्त द्या. दिवसभर तांदळाच्या गोण्या उतरवतो आणि घरी तांदूळ गावाहून मागतो, हे फोनवर तोंडातून निघेना, म्हणून लिहिलं.

तुमचा,
बाळा