टीव्ही-नेट एकत्र घ्या, फोन तेवढा वेगळा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक खाली पडते आहे. टीव्ही, इंटरनेट आणि फोन, तिन्ही एकाच कंपनीचे, बिल एकच, महिना ५९९ रुपये. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांची पत्रके सारखीच असतात. मी दूरसंचार खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देण्याच्या बोर्डावर, ऑपरेटर म्हणून लागले होते. ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ कॉलसाठी ताटकळणारे लोक मी पाहिले आहेत आणि तो बोर्ड भंगारात जातानाही पाहिला आहे. निवृत्तीनंतरही आमच्या आळीत मी ‘फोनवाल्या काकू’च राहिले, त्यामुळे पत्रक हातात घेऊन ‘‘काकू, घेऊ का हो?’’ असे विचारायला लोक येतात. दारात उभे राहून प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हटले.

माझे उत्तर असे आहे. टीव्ही आणि नेट खुशाल एकाच कंपनीकडून घ्या. फोन त्या दोघांच्या दावणीला बांधू नका.

आधी पैशांचे बोलू, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. ५९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ७०७ रुपये होतात. जोडणी ‘फुकट’ हवी असेल तर सहा महिन्यांचे आगाऊ भरायचे, म्हणजे कर धरून ४२४१ रुपये. तरीही केबलवाल्याचे, नेटचे आणि फोनचे असे वेगवेगळे पैसे मोजणाऱ्या घराला हे स्वस्त पडू शकते, नाकारत नाही. ‘अमर्याद’ शब्दाच्या डोक्यावर एक बारीक तारा असतो आणि खाली ३३०० जीबी लिहिलेले असते. दोघा म्हाताऱ्यांच्या घरात ते कधी संपणार नाही, तेव्हा त्या ताऱ्याची काळजी सोडा. काळजी करायची तर या ५९९ पैकी टीव्हीचे किती, नेटचे किती आणि फोनचे किती, हे पत्रकात कुठेच लिहिलेले नाही, याची करा. २०१९ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबल-टीव्हीच्या सरकारी नियामकाने, केबल आणि डीटीएचवाल्यांना प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी दाखवायला लावली. तेव्हा १३० रुपये अधिक कर आणि वर हव्या त्या वाहिन्यांचे पैसे, असा हिशेब आम्ही कागद-पेन्सिल घेऊन केला होता. कटकटीचा होता, पण पैसे कशाचे जातात ते कळत तरी होते. आता सगळे पुन्हा एका आकड्यात घडी घालून ठेवले आहे. उद्या फोन नको असे म्हटले तर बिल कितीने कमी होईल, हे आमच्याकडे आलेल्या विक्रेत्या मुलाला सांगता आले नाही. बिचारा चांगला मुलगा होता, त्यालाही कोणी सांगितले नसावे.

आता फोन. जुनी तांब्याची लाइन घरातल्या विजेवर चालत नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूम असायची, अॅसिडच्या मोठमोठ्या बॅटऱ्यांची रांग, आणि तिथून ४८ व्होल्ट तारेवरूनच तुमच्या घरापर्यंत यायचे. वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्या आणि जनरेटर चालू असेपर्यंत तुमच्या रिसीव्हरमध्ये डायल टोन असे. नव्या फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. फायबर ज्या पांढऱ्या पेटीत येते ती भिंतीवरची पेटी, म्हणजे राउटर, तुमच्या घरच्या विजेवर चालते. महावितरणने डोळे मिटले की पेटी बंद, आणि तिला जोडलेला फोनही बंद. वाटेतल्या विभागणीच्या पेट्यांना सहसा वीज लागत नाही, पण तुमच्या टोकाला लागते आणि जिथून फायबर सुटते तिथेही लागते. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना यातले काही जाणवत नाही. आमच्या आळीत इन्व्हर्टर असलेली घरे कमी आणि साठीपुढची माणसे जास्त आहेत. पावसाळ्यात रात्री वीज गेल्यावर कुणाच्या छातीत कळ आली, तर ११२ लावायला तो सुबक फोन उपयोगाचा नाही. हे पत्रकात छापलेले नाही, जोडणी करायला येणारा सांगत नाही आणि ग्राहकाला विचारायचे सुचत नाही.

उत्तर महाग नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बाजारात मिळतो, हजार-दीड हजारांत काही तास निघतात. पण तो ग्राहकाने स्वतः शोधून का आणायचा? ब्रिटनमध्ये तांब्याच्या लाइनी काढायला घेतल्या तेव्हा ऑफकॉम या नियामकाने २०१८ सालीच कंपन्यांना सांगितले, की जे लोक घरच्या फोनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तातडीचा कॉल लावता येईल अशी सोय द्या. अमेरिकेतही ग्राहकाला बॅटरीचा पर्याय देणे २०२५ पर्यंत कंपन्यांवर बंधनकारक होते. तिथे आमच्याइतकी वीजही जात नाही.

यावर कोणी म्हणेल, निसर्ग चक्रीवादळात तुमची तांब्याची लाइन तरी कुठे टिकली? खरे आहे. ३ जून २०२० ला खांबच आडवे झाले होते, मोबाइलचे टॉवरही डिझेलअभावी मुके झाले. वादळाचे उदाहरण मी देत नाही. मी जून ते सप्टेंबर दर दोन-चार दिवसांनी तासा-दोन तासांसाठी जाणाऱ्या विजेबद्दल बोलते आहे.

आमच्या जाऊबाई रेवदंड्याला एकट्या राहतात. पुतण्या पुण्याला असतो, त्याने आईच्या सोयीसाठी तिन्ही सेवा एका कंपनीच्या घेऊन दिल्या. हेतू चांगलाच होता. ऐन पावसात नारळाची झावळी पडून फायबर तुटले. पेटीवर लाल दिवा, टीव्ही नाही, नेट नाही, फोन नाही. शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून तक्रार करायला गेल्या तर ओटीपी गेला नोंदवलेल्या नंबरवर, म्हणजे पुण्याला. पुतण्या मीटिंगमध्ये. संध्याकाळी त्याने ओटीपी कळवला तोवर त्याची मुदत संपलेली. जोडणारा माणूस फायबर जोडायचे मशीन घेऊन आला तोपर्यंत जाऊबाईंच्या दोन मालिकांमध्ये कोण कोणाची सून हे बदलले होते. हसण्यावारी नेले त्यांनी, पण रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे त्या औषधवाल्याला कळवू शकल्या नव्हत्या. केबल आणि लँडलाइन वेगवेगळी होती तेव्हा एक बंद पडले की दुसरे चालू असे. केबलवाला तर सायकलवरून जाता-येता दिसायचा, त्याला हाक मारता यायची.

माझा तिसरा मुद्दा नंबराचा आहे. मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर एसएमएस करायचा, कोड येतो, झाले. लँडलाइनला ही सोय आजही नाही. त्यामुळे जुना लँडलाइन नंबर सोडून नव्या कंपनीचा ‘फुकट’ फोन घेतला की नंबर गेला. दोन वर्षांनी ती कंपनी नकोशी झाली तर तिने दिलेला नंबरही तिथेच सोडून यायचे. टीव्ही बदलता येतो, नेट बदलता येते, नंबर तेवढा अडकवून ठेवतो. गॅस एजन्सी, बँक, पॉलिसी, डॉक्टरांचा कागद, गावच्या देवस्थानची वही, आमच्या वयाच्या लोकांचा लँडलाइन नंबर कुठे कुठे लिहिलेला असतो याची त्यांनाही यादी सांगता येणार नाही. नागावला घरगुती राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंचा नंबर तर रस्त्यावरच्या पाटीवर रंगवलेला आहे. त्यांना मी सरळ सांगितले, जुना फोन आहे तसा ठेवा, पाहुण्यांसाठी नेट हवे त्याचे घ्या, आणि मोबाइल तिसऱ्याच कंपनीचा ठेवा. शनिवार-रविवारला जोडून सोमवारी लॅपटॉप उघडून बसणारे मुंबईकर वायफाय गेले की आधी खोलीच्या भाड्यावर घासाघीस करतात. (२०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. तो विसरून ‘नंबर लागत नाही’ म्हणून माझ्याकडे येणारे अजून आहेत. त्यात कंपनीचा दोष नाही.)

‘एक बिल, एक संपर्क’ असेही त्या पत्रकात म्हटले आहे. बिल एक असेल, पण तक्रारीचे नियम एक नाहीत. फोन आणि नेटची तक्रार दूरसंचारच्या २०१२ च्या नियमांखाली येते. आधी तक्रार क्रमांक घ्यायचा, समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे. केबल-डीटीएचच्या वाहिन्यांसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, तिथे अपिलासाठी नोडल अधिकारी, म्हणजे कंपनीने तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी, असतो. त्याच योजनेत ‘मोफत’ म्हणून दिलेली ओटीटी अॅप्स (नेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारी) ट्रायच्या या नियमांत येत नाहीत, त्यांच्यावरच्या मजकुराच्या तक्रारींना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात. मी खात्यात नोकरी केली म्हणून मला हे ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही तो ‘यासाठी दोन दाबा, त्यासाठी तीन दाबा’ ऐकत बसतो, आणि शेवटी ‘टीव्हीचा विभाग वेगळा आहे’ एवढे कळते.

यातून एक वाट निघते, तीही सांगून ठेवते. लाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भाड्यात सूट मिळण्याची तरतूद नियमांत आहे, ती मिळाली नाही तर मागावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, मुंबईला हेलपाटे घालावे लागत नाहीत.

मग कोणी घ्यावे एकत्र? घरात शिकणारी मुले आहेत, मोबाइल चार आहेत, इन्व्हर्टर आहे, लँडलाइनशी काही देणेघेणे नाही, अशा घराने जरूर घ्यावे. आमच्या समोरच्यांनी घेतले, त्यांचे छान चालले आहे. मुसळधार पावसात त्यांच्या छतावरची डीटीएचची थाळी मालिकेच्या नेमक्या वेळी दगा द्यायची, ते तरी थांबले. एवढेच करावे, की सहा महिन्यांचे आगाऊ भरण्याआधी एक महिना भरून पाहावा, तक्रारीसाठी घरात राहणाऱ्या माणसाचाच मोबाइल नंबर नोंदवावा, आणि तो मोबाइल दुसऱ्या कंपनीचा असावा. जुना केबलवाला लगेच तोडू नये. राउटर परत केल्याची पावती जपून ठेवावी, नाहीतर त्याचे पैसे नंतर मागितले जातात.

माझ्या मागण्या नियामकाकडे आहेत. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखाच सोबत नेता आला पाहिजे. ‘फोन विजेशिवाय चालणार नाही’ हे अर्जावर मराठीत, ठळक अक्षरात छापून त्याखाली सही घेतली पाहिजे आणि बॅटरीचा पर्याय कंपनीने दिला पाहिजे. तिन्ही सेवांच्या रकमा बिलावर सुट्या दाखवल्या पाहिजेत. ट्राय कोणताही नियम करण्याआधी चर्चापत्र काढते आणि त्यावर कोणाही ग्राहकाला लेखी मत कळवता येते. आमच्यापर्यंत त्याची बातमी येते तेव्हा नियम लागू झालेला असतो. पुढच्या वेळी असे चर्चापत्र निघाले तर मत कळवण्याची मुदत संपण्यापूर्वी, कुठे आणि कसे कळवायचे त्यासह, आपण पहिल्या पानावर चौकट द्यावी. आळीतल्या लोकांची मते मी लिहून घेऊन पाठवीन.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
अलिबाग, जि. रायगड