फॉल, फेल, फॉलन

॥ श्री ॥
लेस्टर, १४ डिसेंबर २०२५

ती. आण्णा आणि मायला शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर दोन मिनिटं झाली की "घे, मायशी बोल" म्हणून तुम्ही मोकळे होता, म्हणून हे लिहायलोय. दादाच्या पोराच्या मोबाइलवर पाठवतो, त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.

आम्ही सगळे मजेत. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. मायनं आणखी स्वेटर विणू नये. बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी चिरते, पण होते.

आण्णा, "चाळिशीत आता काय इंग्रजी येणार" म्हणालात. येतंय की. फक्त इथल्या लोकांची एक खोड पचनी पडत नाही. गोदामात जो भेटेल तो "यू ऑलराइट?" विचारतो. म्हणजे, बरा आहेस ना? मला वाटायचं, तोंड उतरलेलं दिसत असेल. थांबून सांगायला लागायचो, तोवर माणूस पार पुढच्या रांगेत. एकदा शब्द जुळवून "नो, नी पेन" म्हणालो, तर सुपरवायझर मला खुर्चीवर बसवून फॉर्मच भरायला लागला! नंतर कळलं, हा प्रश्नच नाही. उत्तर म्हणून आपणही "यू ऑलराइट?" म्हणायचं. दोघं विचारतात, सांगत कुणीच नाही. आपल्याकडं "जेवला का?" असंच विचारतात, पण "नाही" म्हणलं तर ताट तरी येतं.

मधी क्लास सोडला होता, तुमच्या सुनेनं सांगितलंच असेल. चार वाजताच अंधार, त्यात रात्रपाळी. पाठ केलेले शब्द दुसऱ्या दिवशी पुसलेले. मग पोराच्या शाळेतून बोलावणं आलं. तिची हॉस्पिटलात ड्यूटी, मी एकटाच गेलो. मॅडम पाच मिनिटं बोलल्या. मी पोराकडं बघितलं. "चांगला आहे म्हणायल्यात," तो म्हणाला. मॅडमनी दिलेला कागद घरी तिनं वाचला: वर्गात बडबड, गृहपाठ नाही. आठ वर्षांचं लेकरू माझ्या वतीनं बोलतं अन् सोयीचं तेवढंच सांगतं! हसलो खूप. पण त्या रात्री कामावर डबा उघडला नाही. पुढच्या मंगळवारी क्लासात जाऊन बसलो.

आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. फॉल, फेल, फॉलन घोकलं, पण बोललो कुणाशी? इथं मॅडमनी लहानपणची एखादी गोष्ट सांगा म्हणलं. मी किल्लारी सांगितलं. "१९९३. नाइट. गणपती फिनिश. हाउस फॉल." "फेल," मॅडम म्हणाल्या. "हाउस फेल. माय फादर…" तुम्ही मला माळवदाच्या मातीखालून ओढून काढलं, त्या 'ओढलं'ला शब्दच सापडेना. हातानं करून दाखवलं. शेजारी तुर्कस्तानचा एक माणूस बसतो, एरवी गप्प. तो म्हणाला, "पुल." त्यानं ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे सव्वाचारच्या भूकंपात भावाला तसंच ओढलं होतं. दोघांनी वहीत लिहिलं: पुल, पुल्ड.

तेव्हापासून मंगळवार चुकवला नाही.

गावात "बायकोच्या जिवावर गेला" म्हणतात, म्हणू द्या. तिचा पगार जास्त आहेच. भाडं ती भरते, किराणा मी. पुढं एक परीक्षाही आहे: ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर यावे लागतात. इथं कायम राहायचं तर लागते. म्हणजे, तसं काही ठरलेलं नाही.

सोयाबीन पाण्यात गेलं, अन् उरलेल्याला ५,३२८ चा हमीभाव नुसता कागदावर, असं दादा म्हणाला. चाळीस हजार टाकलेत. सोसायटीवाले थांबतील, आधी धाकटीच्या लग्नाच्या हॉलचं बघा. मायनं त्यातून गुडघ्याच्या गोळ्या आणाव्यात, जपून ठेवू नयेत.

मे मधली तारीख धरायलात म्हणे. माझ्यासाठी मुहूर्त अडवू नका. सुट्टीचा अर्ज दिलाय, कुणाला न विचारता स्वतः इंग्रजीत लिहून. मी 'सिस्टर मॅरेज' लिहिलं होतं. साहेबानं पेननं 'सिस्टर्स वेडिंग' करून परत दिला. हो की नाही, ते अजून सांगितलं नाही.

तुमचा,
बाळू