कोचबद्दल विचारलं, उत्तरात सवलतीचा कोड आला

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, तसेच सदस्य सेवा विभाग,
आमचा फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) क्लब, मेलबर्न

विषय: मुख्य कोचबाबत सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर न देणे आणि तरीही पुढच्या हंगामाची मेंबरशिप न विचारता चालू ठेवणे

स.न.वि.वि.

मी गेली नऊ वर्षं या क्लबची सदस्य आहे. नवरा, मुलगी आणि मी, तिघांच्या राखीव जागा एकाच रांगेत आहेत आणि त्यांचे हप्ते दर महिन्याला माझ्या कार्डावरून जातात. एकही हप्ता कधी चुकलेला नाही. हे पत्र इंग्रजीत आपल्या कार्यालयात पोचलेलं आहे. मराठीतली प्रत मुद्दाम सगळ्यांसमोर ठेवते, कारण मेलबर्नच्या पश्चिम भागातली बरीच मराठी घरं आता याच क्लबची मेंबर आहेत. त्यांच्याही मनात हाच प्रश्न आहे. पण "आपण बाहेरून आलेलो, इथल्या खेळात आपण काय बोलायचं" म्हणून ती गप्प बसतात.

आधी तक्रार काय ते सांगते.

मार्चमध्ये, हंगामाचा पहिला सामना व्हायच्या आत, आपण कोचचा करार दोन वर्षांनी वाढवला. त्या दिवशी आलेल्या ईमेलमध्ये "स्थैर्य" हा शब्द तीन वेळा होता. जुलै संपला तेव्हा आमच्या नावावर चार विजय होते. जूनमध्ये आपण सदस्यांसाठी एक संध्याकाळ ठेवली आणि प्रश्न आधी लेखी मागवले. मी एकच प्रश्न पाठवला: करार एवढ्या लवकर कोणत्या आधारावर वाढवला, आणि आता तो निर्णय आपण कसा तपासणार आहात? त्या संध्याकाळी मी रात्रपाळी बदलून घेऊन आले. दीड तासात पार्किंग, मैदानावरचे खाण्याचे भाव, नवी जर्सी, मुलांसाठीचे कार्यक्रम, सगळ्यावर बोलणं झालं. कोचबद्दल एकही प्रश्न वाचला गेला नाही. कोच स्वतः आलेच नव्हते. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उभे राहून विचारू लागले, तर त्यांच्या हातातला माइक काढून घेतला आणि "वेळ संपली" असं जाहीर केलं. त्या गृहस्थांच्या टोपीवर तीस वर्षांच्या सदस्यत्वाची पिन होती.

नंतर मी दोन ईमेल पाठवले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, ते असं: आपला पाठिंबा आम्हाला मोलाचा वाटतो, क्लबच्या दुकानात 15 टक्के सवलतीसाठी हा कोड वापरा. त्याच आठवड्यात कामावर जाताना गाडीतल्या रेडिओवर ऐकलं की क्लब दुसऱ्या एका कोचच्या मॅनेजरशी बोलतोय. जे आम्ही तोंडावर विचारत होतो, ते आम्हाला रेडिओवरून कळलं. आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पुढच्या हंगामाच्या नूतनीकरणाची सूचना आली: आपण काहीच कळवलं नाही तर मेंबरशिप आपोआप चालू राहील.

माझा राग हरण्यावर नाही. मी कोल्हापूरची आहे. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत मोठी झाले. तो सॉकर, हा फूटी, खेळ वेगळा; पण हरलेल्या संघाच्या मागे उभं राहणं मला कुणी शिकवायला नको. आमच्या पेठेत संघ हरला की त्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमायचे आणि संघ निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांना थेट विचारायचे, याला का खेळवलं, त्याला का बसवलं. उत्तर पटो न पटो, ते तिथेच द्यावं लागायचं. विचारणाऱ्याला कुणी सवलत देऊन घरी पाठवत नव्हतं.

आता कोचबद्दल. आमच्या रांगेत दर आठवड्याला जो वाद होतो तो आपल्यापर्यंत पोचलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. पुढच्या रांगेत एक इलेक्ट्रिशियन आणि त्यांचा विशीतला मुलगा बसतात. बाप म्हणतो, आजच काढा. मुलगा म्हणतो, दुखापतींनी निम्मा संघ बाहेर आहे, 20-21 वर्षांची पोरं खेळतायत, कोच काय जादू करणार? बापाचं म्हणणं, दुखापती सगळ्यांनाच होतात, पण आमच्या पोरांना चेंडू मिळाल्यावर पुढे काय करायचं हेच माहीत नसतं. दोघंही खरं बोलतात. मीही हंगामभर दोन्हीकडे झुकून आले आहे.

जूनमधल्या एका शनिवारी मी एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर) वही घेऊन बसले. सामन्याच्या चार भागांपैकी फक्त दुसरा, म्हणजे दुसरं क्वार्टर, लिहून काढलं. फॉरवर्ड पन्नासच्या आत (समोरच्या गोलपासून 50 मीटरच्या भागात) आमचा चेंडू 17 वेळा गेला. त्यातले मार्क (लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलणं) आम्ही पकडले दोन. समोरच्या बचावपटूंनी पकडले सहा. हाती आले एक गोल (6 गुण) आणि चार बिहाइंड (गोलच्या बाजूने गेलेले, प्रत्येकी 1 गुण), म्हणजे 10 गुण. दर वेळी चित्र तेच. मागच्या कोपऱ्यातल्या खेळाडूकडे चेंडू येतो, तो मान वर करून बघतो, पुढे कुणीही जागा काढून धावत नसतं. तो दोन पावलं मागे येतो, पुन्हा बघतो, आणि शेवटी सीमेच्या कडेने उंच, लांब लाथ मारतो. खाली आमचे तिघे एकाच चेंडूवर उडी मारतात, एकमेकांनाच आडवे येतात, आणि समोरचा मोकळा उभा असलेला गडी बाजूने येऊन मार्क घेतो. अकरा वर्षांची माझी मुलगी ऑसकिकमध्ये (लहान मुलांच्या फूटी कार्यक्रमात) खेळली आहे. तिला तिथे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की आपल्या गड्याकडे चेंडू आला की त्याला दिसेल असं धावायचं. ती मला विचारते, मोठ्यांना हे कुणी सांगत नाही का? मला उत्तर देता येत नाही.

म्हणजे कोचची चूक आहेच, असं मी मानते. हल्ल्याची आखणी दिसत नाही, आणि दोन वर्षांत ती सुधारलेलीही नाही. तरीही त्याला आत्ता, हंगामाच्या मधेच काढा असं मी म्हणत नाही. आपण त्याच वाटेने चालला आहात अशी मला भीती वाटते. ही सबंध तक्रार त्या भीतीपोटी लिहिली आहे.

कारण खेळाडूंची यादी कोच एकटा बनवत नाही. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणाला घ्यायचं, कुठल्या कारकिर्दीच्या मध्यावरच्या खेळाडूला लांब करार द्यायचा, कुणाला दुसऱ्या क्लबला सोडायचं, हे निर्णय भरती विभागाचे, आणि त्यांच्यावर सही आपली. फुटबॉल विभागाच्या खर्चाला लीगने मर्यादा घातली आहे. त्यात किती साहाय्यक कोच ठेवायचे हेही आपणच ठरवता. या लीगमध्ये तळाला गेलेल्याला खालच्या गटात ढकलत नाहीत, उलट ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळते. त्यामुळे "पुढच्या वर्षी चांगला पोरगा मिळेल" यावर वर्षानुवर्षं दिवस काढता येतात. आमचे तसेच चालले आहेत. या सगळ्याचं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडायचं, नवा चेहरा आणायचा आणि त्याच्या फोटोवर पुढची मेंबरशिप विकायची, हे मला मान्य नाही.

दुसऱ्या क्लबांनी काय केलं हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे नोंद राहील. जिलाँग 2006 मध्ये दहाव्या क्रमांकावर राहिलं. चाहते कोच मार्क थॉम्प्सनला काढा म्हणत होते. क्लबने हंगाम संपल्यावर आतून सगळं तपासलं, कोच ठेवला आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलली. 2007 मध्ये त्यांनी ग्रँड फायनल (अंतिम सामना) 119 गुणांनी जिंकली, 1963 नंतर पहिल्यांदा. रिचमंड 2016 मध्ये तेरावं आलं. एका गटाने तर अख्खं संचालक मंडळच बदलायची मोहीम काढली होती. पेगी ओ'नील अध्यक्ष होत्या. त्या डगमगल्या नाहीत. कोच डेमियन हार्डविक राहिले, पण साहाय्यक बदलले, खेळायची पद्धत बदलली. पुढच्याच वर्षी 1980 नंतरचं पहिलं विजेतेपद, मग 2019 आणि 2020. ब्रिस्बेनमध्ये कोच क्रिस फेगन यांनी पहिल्या दोन्ही हंगामांत पाच-पाचच सामने जिंकले होते, तिसऱ्यात सोळा. सर्वोच्च पातळीवर स्वतः एकही सामना न खेळलेल्या या माणसाच्या हाताखाली ब्रिस्बेन 2024 मध्ये विजेता झालं.

आणि याच्या उलटही झालं आहे. सेंट किल्डाने 2022 च्या जुलैमध्ये ब्रेट रॅटन यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. कार्लटनने 2015 ते 2021 या काळात तीन कोच काढले. त्यानंतर आलेल्या मायकेल वॉसनाही 2023 च्या मध्यावर लोक काढायला निघाले होते. त्याच हंगामात तो संघ सलग नऊ सामने जिंकून प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत) गेला.

आमच्या मागच्या रांगेतल्या सत्तरी ओलांडलेल्या बाई थर्मासमधला चहा सगळ्यांना देतात. त्या नेहमी नॉर्म स्मिथचं सांगतात. मेलबर्न क्लबला सहा विजेतेपदं मिळवून देणारा कोच. सहावं 1964 चं, आणि 1965 च्या जुलैमध्ये क्लबने त्याला काढून टाकलं. काही दिवसांत परत बोलावलं, पण तुटलेलं सांधलं नाही. पुढचं विजेतेपद आलं 2021 मध्ये. त्या बाई शाप वगैरे मानत नाहीत. त्या म्हणतात, रागाच्या भरात बंद दाराआड घेतलेला निर्णय होता तो. गेल्या शनिवारी तिसऱ्या क्वार्टरनंतर आमचा बे (स्टँडमधला जागांचा भाग) निम्मा रिकामा झाला, तेव्हाही त्या उठल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कोच जाईल की राहील याचं मला काही नाही गं, पण मला कुणी काही सांगतच नाही." चाळीसहून जास्त वर्षं पैसे भरणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य यावं, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही गिऱ्हाईक आहोतच. सिनेमाचं तिकीट काढावं तसे जागेचे पैसे मोजतो. पण हा क्लब सदस्यांचा आहे आणि संचालक निवडायला आम्हीच मत देतो. मत मागायचं असतं तेव्हा आपण घरी पत्रं पाठवता. मग उत्तर द्यायच्या वेळी मूग गिळून बसू नये.

मला पैसे परत नकोत, आणि सवलतीचा कोड मी वापरलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की हंगाम संपल्यावर क्लबबाहेरच्या जाणत्या माणसांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी, आणि त्यात कोचबरोबर भरती विभाग, तंदुरुस्ती विभाग आणि मार्चमधला करार वाढवण्याचा मंडळाचा निर्णयही असावा. तोवर कोचवर कारवाई करू नये आणि वर्तमानपत्रांना आडून बातम्या देऊ नयेत. तपासणीत काय निघालं ते सदस्यांना लेखी कळवावं. खेळाडूंच्या खासगी गोष्टी वगळा, त्या आम्हाला नकोच आहेत. जूनमधली संध्याकाळ पुन्हा घ्यावी, कोच आणि अध्यक्ष दोघांना समोर बसवावं आणि माइक सदस्यांच्या हातात राहू द्यावा. आणि हे सगळं होईपर्यंत कुणाचीही मेंबरशिप आपोआप चालू ठेवू नये. ज्याला हवी तो स्वतः हो म्हणेल. मीही म्हणेन.

नूतनीकरणाची तारीख 1 ऑक्टोबर आहे. तोवर माणसाने लिहिलेलं, सही असलेलं उत्तर आलं नाही तर मी बँकेला सांगून कार्डावरचा हप्ता थांबवणार आहे. असं झालं तर नऊ वर्षांची जागा जाईल हे मला माहीत आहे. माझ्या आईने कोल्हापूरहून आली असताना मुलीसाठी क्लबच्या रंगांचा मफलर विणला होता, तो ती अजून प्रत्येक सामन्याला घालते. तिला हे कसं सांगायचं याचा विचार मी अजून केलेला नाही.

या रविवारच्या सामन्याला आम्ही तिघं नेहमीच्या जागी असू. आपल्यापैकी कुणी आमच्या बेमध्ये येऊन बसलात तर चहा मिळेल, आणि आमचं म्हणणं समोरासमोर ऐकता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
नऊ वर्षांची एक सदस्य

सोबत:
जूनच्या सदस्य सभेसाठी पाठवलेल्या प्रश्नाची प्रत
दोन्ही ईमेल आणि त्यांना आलेलं एकमेव उत्तर
माझ्या वहीतल्या दुसऱ्या क्वार्टरच्या पानाचा फोटो
मुलीने कोचना लिहिलेली चिठ्ठी (ही कृपया त्यांच्याच हातात द्यावी)