सूचना : झेब्रा पट्ट्यांपाशी गाडी थांबवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

सांगली–मिरज रस्ता पायी ओलांडणं आपल्या ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना अवघड झालंय, हे आपण रोज पाहतो. सिटी बस, वडाप, ट्रॅक्टर यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण सोसायटीचं स्टिकर लावलेल्या गाड्यांबद्दलही तक्रारी आल्या आहेत, म्हणून ही सूचना आधी आपल्यासाठी.

2017 च्या वाहनचालन नियमांनुसार, सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांपाशी वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ देणं चालकावर बंधनकारक आहे. हा नियम मोडल्यास कायद्यात 500 ते 1000 रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे समोरचा माणूस आपल्यावर अवलंबून नाही; तिथं पहिला हक्क त्याचाच.

सिग्नलला गाडी पट्ट्यांच्या अलीकडे, स्टॉप लाइनच्या मागे उभी करा. पुढची गाडी पट्ट्यांपाशी थांबली असेल, तर हॉर्न वाजवू नका आणि बाजूनं काढूही नका. तिच्याआड कुणीतरी रस्ता ओलांडत असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. सगळ्यात धोकादायक प्रकार हाच. दुचाकीवाल्यांनो, फूटपाथ तुमचा नाही, कितीही घाई असली तरी. पावसात डबक्यातून गाडी नेताना चालणाऱ्यांकडे जरा बघा!

पट्टे पुसट झालेत, हे खरं. ते पुन्हा रंगवून मिळावेत म्हणून महापालिकेला अर्ज देत आहोत. कागद वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवला आहे, रविवारपर्यंत सह्या कराव्यात.

– सचिव