प्रिय संज्या

जय ख्रिस्त. तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला, फोन करणार होतो पण मला बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय. "देव ऐकतच नाही रे, आता प्रार्थना पण होत नाही" असं लिहिलंयस. नाही होत तर नाही होत, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. आणि घरी येऊन तुझा विश्वास कमी पडतोय असं जे सांगून गेले ना त्यांचा मला खरंच खूप राग आला. बायबलमधल्या प्रेषित पौलाचा विश्वास कमी होता का मग? शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं, काटा तसाच राहिला, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर आलं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूनेच हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली आणि सोबतचे शिष्य झोपलेले. ८८ वं स्तोत्र काढून वाच जमलं तर, शेवटपर्यंत अंधारच आहे, पण सुरुवातीला हाक मारलीय ती तारणाऱ्या देवालाच. तू रडतोयस ते पण त्याच्याचकडे ना, मला तरी ती प्रार्थनाच वाटते.

सध्या मी पंडिता रमाबाईंबद्दल वाचतोय. दुष्काळात आई वडील बहीण सगळे काही महिन्यांत गेले, राहिले ही आणि भाऊ. झेलमच्या काठी थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि फक्त डोकी बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली, दुसरं पांघरूणच नव्हतं. पुढे १८८० ला तो भाऊही गेला, १८८२ ला नवरा, पदरात लहानगी मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ ला इंग्लंडमध्ये. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून दुःख थांबलं असं काही झालं नाही बघ, १९२१ मध्ये मनोरमापण आईच्या आधी गेली. तरी बाई केडगावला त्यांनीच काढलेल्या मुक्ती मिशन आश्रमात मुलींमध्येच राहिल्या, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम शेवटपर्यंत करत राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. हे बळ कुठून आलं असेल? मला नाही वाटत एकदम आलं असेल.

आईच्या आजारपणात मला थोडंसं कळलं होतं ते. पुढच्या महिन्याचं बळ मागायचो, ते कधी मिळालं नाही, त्या दिवसापुरतं मात्र मिळायचं. इस्राएली लोकांना रानात देव रोज जे अन्न द्यायचा, तो मान्ना पण तसाच होता, दुसऱ्या सकाळसाठी ठेवला की किडे पडायचे. म्हणून तू ट्रान्सप्लांटचं काय होईल, पोरीच्या फीचं काय, हे सगळं डायलिसिसच्या त्या चार तासांत डोक्यात घेऊन बसू नकोस. तेवढे चार तास माग फक्त. मागच्या वेळी तू माझी बोटं धरून हातावरच्या फिस्टुलावर, डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलीय त्या जागेवर ठेवलीस, आतून ती थरथर लागली, आणि तू म्हणालास चालू आहे बघ अजून, तेव्हा तुझा चेहरा किती शांत होता ते तुला माहीत नाही, मी पाहिलाय. दुखत होतं तरी शांत होतास. मी ज्या शांतीबद्दल बोलतोय ती तीच रे.

शनिवारी मी येतोय. वहिनीला सांग घरी झोप काढ, मशीनपाशी मी बसेन. पाणी मोजूनच प्यायचंय, तहान लागली तर बर्फाचा तुकडा, तो पण मोजून, उगाच भांडू नकोस. तुला प्रार्थना जमत नसेल तर मी करतो, तू आमेन म्हण, नाही म्हटलंस तरी चालेल. पाळकसाहेब येऊ का विचारत होते, नको असतील तर स्पष्ट सांग, मी बघतो त्यांचं.

तुझाच,
विन्या